पिवळा घोडा, मोडलेली तलवार आणि राहून गेलेला सूड

मृद्गंध

गेले दोन महिने मी आणि माझा अकरा वर्षांचा भाचा रात्री झोपण्याआधी अलेक्झांडर द्यूमाची 'द थ्री मस्केटिअर्स' ही कादंबरी वाचत होतो. मी मोठ्याने वाचायचं, त्याने ऐकायचं. परवा शेवटचं पान झालं. पुस्तक मिटून मी दिवा घालवायला उठले, तर स्वारी अंथरुणात ताठ बसलेली.

"मावशी, आणि सूड?"

"कसला सूड?"

"अगं, पहिल्या दिवशीचा! घोड्याला हसला तो माणूस. त्याला मारायचं राहिलंच की."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. दोन दिवस तोच विचार डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १६२५ सालचा एप्रिल. दार्तान्यां नावाचा अठरा वर्षांचा पोरगा गास्कनीहून पॅरिसला निघालाय. वडिलांनी दिलेली पंधरा एक्यू नाणी, मस्केटिअर्सचे (राजाच्या बंदूकधारी रक्षकांचे) कप्तान त्रेव्हिल यांच्या नावाचं पत्र आणि एक म्हातारा पिवळा घोडा, एवढाच संसार. आईने जखमेवरच्या मलमाची कृती दिलीय. वाटेत म्यूं गावच्या सराईत एक अनोळखी सरदार त्या घोड्याच्या रंगाला हसतो. झालं! पोरगा तलवार उपसून धावतो, सराईवाल्याची माणसं काठ्या, फावडी, चिमटे घेऊन त्याला बडवून काढतात, तलवारीचे दोन तुकडे होतात आणि खिशातलं पत्र तो सरदार पळवतो. तेव्हापासून 'म्यूंचा माणूस' दिसला रे दिसला की दार्तान्यां हातातलं सगळं टाकून त्याच्यामागे धावतो. आणि दर वेळी तो निसटतो.

शेवटी काय होतं? तो माणूस म्हणजे राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याचा हस्तक रोशफोर. दोघांची तीन द्वंद्वं होतात, तिन्ही वेळा दार्तान्यां त्याला जखमी करतो, आणि तिसऱ्यांदा हात देऊन उठवताना म्हणतो की चौथ्या वेळी बहुधा मारूनच टाकेन. मग मिठी मारतात. मित्र होतात!

पंधराव्या वर्षी मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. आता मला तो शेवट फार आवडतो, पण का आवडतो ते भाच्याला सांगता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं? हसत-खेळत चाललेल्या तलवारबाजीच्या गोष्टीत भोळ्या नायकाचा सूड असा विरून गेला तर वाचकाची फसवणूक होते का?

ओवी_अभंग

सतरंजी टाकून बसले आहे. भाच्याला माझ्याकडून शाबासकी.

कोरडा_पाऊस

माझं मत स्पष्ट आहे. फसवणूक होते.

सूडकथा म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्द असतो. पहिल्याच प्रकरणात नायकाचा अपमान दाखवायचा, सहाशे-सातशे पानं त्या माणसाच्या मागे पळवायचं आणि मग मिठी? याच द्यूमाने याच काळात दुसरी सूडकथा लिहिली, ती बघा. 'थ्री मस्केटिअर्स' वर्तमानपत्रात क्रमशः आलं मार्च ते जुलै १८४४. 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' सुरू झालं त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. तिथला एडमंड दान्तेसुद्धा विशीच्या आतला, तितकाच भोळा, आणि त्याच्याही जवळ एक पत्रच. पण तो चौदा वर्षं तुरुंगात काढतो आणि बाहेर आल्यावर एकेकाचा हिशोब चुकता करतो. ते वाचताना माझे हात थरथरत होते. दार्तान्यां वाचताना मी नुसता हसलो. विनोदाने सूड पातळ होतो.

लेखक तोच, साल तेच, हाताशी ऑग्युस्त माकेसारखा सहलेखकही तोच. म्हणजे त्यांना सूड लिहिता येत नव्हता असं नाही. इथे त्यांनी तो सोडून दिला.

टाकेवाली

कोरडा_पाऊस, दोन्हीकडच्या पत्रांची जोडी माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. पण तुमच्याच तुलनेतून मला उलटं उत्तर दिसतं. दान्तेचं तारुण्य, लग्न, बाप, सगळं गेलं. दार्तान्यांचं काय गेलं? घोड्याला कोणीतरी हसलं. एवढ्यासाठी एका माणसाचा जीव घेतला असता तर तुम्हालाच तो आवडेनासा झाला असता.

कोरडा_पाऊस

@टाकेवाली, पत्रही चोरलं होतं.

टाकेवाली

हो, आणि पत्राशिवायही त्याचं काम झालंच ना. :)

मनगटी

मी चार वर्षं तलवारबाजी खेळले आहे, एपे प्रकार. म्हणून जरा वेगळ्या बाजूने लिहिते.

एपेचं पातं ९० सेंटीमीटर, अख्ख्या हत्याराचं वजन ७७० ग्रॅमच्या आत. डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोक टेकलं की गुण. दोघींनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत एकमेकींना टोचलं तर दोघींना गुण. त्यामुळे या खेळात उतावळेपणाची किंमत लगेच मोजावी लागते, उद्यावर ढकलता येत नाही.

एका स्पर्धेत पंधरा गुणांचा बाद फेरीचा सामना होता. नऊ-नऊ बरोबरी. माझा पाय सरकला, मी गुडघ्यावर आले आणि समोरची मुलगी मास्कच्या आत हसली. चेहरा दिसत नव्हता, आवाज आला. माझं डोकं फिरलं. तिथून पुढे मी प्रत्येक लंज, म्हणजे पुढे झेपावून केलेला वार, तिच्या छातीवर मारायला गेले. रागात लंज खोल जातो, पुढचा पाय लांब पडतो आणि मागे यायला अर्धा क्षण उशीर होतो. ती नुसता हात पुढे धरून माझ्या मनगटाची वाट बघत होती. मी १५-१० ने हरले. शेवटच्या सहा गुणांपैकी पाच तिने माझ्या मनगटावर, अगदी त्याच जागी घेतले होते. बाहेर आल्यावर आमच्या सरांनी काही बोलायच्या आधी माझा ग्लोव्ह काढला आणि मला माझंच मनगट दाखवलं. पाच लाल ठिपके, एका रुपयाच्या नाण्यात मावतील एवढ्या जागेत.

म्हणून म्यूंचा प्रसंग वाचताना मला हसू येतं आणि पोटात कालवतंही. द्यूमाने त्याची ओळख करून देतानाच म्हटलंय की हा अठराव्या वर्षीचा डॉन किहोते. त्याला पवनचक्क्यांत राक्षस दिसायचे, याला प्रत्येक हसण्यात अपमान दिसतो. घरापासून म्यूंपर्यंत मूठ आवळलेली, हात तलवारीवर. असा माणूस मनगटावरच मार खाणार. शेवटी तो रोशफोरला तीनदा जखमी करतो आणि तिन्ही वेळा थांबू शकतो, हे मला मारण्यापेक्षा कठीण वाटतं. वार अर्ध्यात आवरायला हात फार तयार लागतो.

ती मुलगी नंतर माझी चांगली मैत्रीण झाली. ती मला हसली नव्हती, तिला खोकला आला होता, असं तिचं आजही म्हणणं आहे.

ओवी_अभंग

पाच लाल ठिपके! मनगटी, तुम्ही स्वतंत्र धागा काढा.

पागेतला

घोड्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी बोलतो.

वडील निघताना बजावतात, हा घोडा विकू नकोस, त्याला सन्मानाने म्हातारपणी मरू दे. पोरगा पॅरिसला पोचतो आणि तीन एक्यूला विकून टाकतो. मला ते फार लागलं होतं. पण पुढे काय होतं आठवतंय का? युद्धावर जायची तयारी चालू असते. पोर्थोसने (आथोस, पोर्थोस, अरामिस या त्याच्या तीन मस्केटिअर मित्रांपैकी एक) एका वकिलाच्या बायकोकडून फार गोड बोलून घोडा मागितलेला असतो. तो येतो आणि दार्तान्यां बघतो तर तोच पिवळा! जगात त्या रंगाचा दुसरा घोडा असणं शक्य नाही, म्हणून लगेच ओळखतो. पोर्थोसला असा राग येतो की तो घोडा वकिलाच्या दाराला बांधून येतो.

ज्या घोड्यासाठी याने जीव धोक्यात घातला, तोच पोर्थोसला अपमान वाटतो. मला तर वाटतं सूडाचं खरं उत्तर तिथे आहे. त्या दिवशी दार्तान्यां स्वतः त्या घोड्याला हसतो. मग रोशफोरवर राग धरायला उरलं काय?

टाकेवाली

पागेतला, क्या बात! हे मी चार वेळा वाचूनही जोडलं नव्हतं.

मृद्गंध

पागेतला, भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "हो, पण आपल्या घोड्याला आपण हसलो तर चालतं."

कोरडा_पाऊस

भाचा माझ्या पार्टीत. :)

तळटीप

थोडा इतिहास, कारण हसण्याच्या भरात एक गोष्ट निसटते आहे.

मस्केटिअर्सचे पथक खरे. तेराव्या लुईने ते १६२२ साली उभे केले. दार्तान्यांही खरा, शार्ल द बात्झ-कास्तेलमोर, पुढे याच पथकाचा मोठा अधिकारी झाला आणि १६७३ साली मास्त्रिख्तच्या वेढ्यात मारला गेला. त्याच्या नावाने कुर्तिल्झ द सांद्रासने लिहिलेल्या, १७०० साली छापलेल्या बनावट आठवणी द्यूमाच्या हाती लागल्या आणि त्यातून कादंबरी उभी राहिली. खरा दार्तान्यां १६२५ साली फार तर चौदा वर्षांचा असणार, पण कादंबरीकाराला तेवढी मुभा द्यावी.

महत्त्वाचा मुद्दा द्वंद्वांचा. त्रेव्हिलच्या वाड्यात खिडकीतून 'म्यूंचा माणूस' दिसतो म्हणून दार्तान्यां धावत सुटतो. वाटेत आथोसच्या जखमी खांद्याला धडकतो, पोर्थोसच्या झग्यात गुंडाळला जातो आणि त्याचा सोन्याचा पट्टा फक्त समोरून सोन्याचा आहे हे उघड करतो, अरामिसच्या पायाखालचा रुमाल उचलून देतो. बारा, एक आणि दोन वाजता तीन द्वंद्वे ठरतात. वाचताना आपण खोखो हसतो. पण द्वंद्वबंदीची फर्माने त्या काळी लागू होती, १६२६ साली रिशल्यूच्या काळात नवे फर्मान निघाले, आणि १६२७ साली मोंमोरान्सी-बुतव्हिल या बड्या सरदाराचे पॅरिसमध्ये भर दुपारी द्वंद्व खेळल्याबद्दल मुंडके उडवले गेले. सरदारकीही कामाला आली नाही. म्हणजे हा पोरगा हसत हसत तीनदा फाशीच्या दारात उभा राहतो आहे. ते ठाऊक असेल तर तो विनोद हलका राहत नाही.

पागेतला

तळटीप, उत्तम. त्याच प्रसंगातली माझी सगळ्यात आवडती जागा: आथोसचा खांदा दुखतोय हे कळल्यावर दार्तान्यां त्याला आईचं मलम देऊ करतो. तीन दिवसांत बरे व्हाल, मग लढू, माझा मानच होईल तो! आणि उरलेल्या दोघांची आगाऊ माफी मागतो, कारण आथोसने आधी मारलं तर त्यांचं देणं फेडायचं राहून जाईल. यात एक शब्दही तो चेष्टेने बोलत नाही. तो मनापासून बोलतो म्हणून आपल्याला हसू फुटतं.

विंगेतून

पागेतला यांचं शेवटचं वाक्य मी आमच्या तालमीच्या फळ्यावर लिहिणार आहे.

मी नाटकात मारामाऱ्या बसवतो. विनोदी मारामारी गंभीर मारामारीपेक्षा दुप्पट वेळ खाते. पहिला नियम, वार होण्याआधी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे. दुसरा, वार विकतो तो खाणारा. मारणारा फक्त हात थांबवतो, लागलंय हे दाखवायचं काम समोरच्याचं. आणि तिसरा मी माझ्यापुरता केला आहे: नटाने आपण विनोद करतोय हे विसरायचं. तलवार म्यानातून निघत नसेल तर त्याला ती खरोखरच काढायची आहे. त्याची घाई खरी हवी, घाम खरा हवा. प्रेक्षकांकडे एकदा जरी बघितलंत तरी संपलं.

द्यूमानेही हेच केलंय. म्यूंमध्ये मार खाऊन उठल्यावर दार्तान्यां सराईवाल्यावर तलवार उपसतो आणि हातात येतो वीतभर तुकडा. बाकीचं पातं आचाऱ्याने मांसात चरबी खोवायच्या सळईसाठी बाजूला काढून ठेवलेलं. म्यानात तुकडा नीट घालून ठेवलाय, त्यामुळे बिचाऱ्याला उपसेपर्यंत कळत नाही. हा प्रसंग मी मंचावर केला आहे. दार्तान्यां करणाऱ्या मुलाला मी सांगितलं नव्हतं की आज तुकडा ठेवलाय. नंतर अर्थात रोज माहीत असायचं, पण त्या पहिल्या तालमीत त्याने मुठीकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर आम्ही पुढे पन्नास प्रयोग जपली. आधी चिडका, मग गोंधळलेला, आणि मग वडिलांची तलवार मोडली म्हणून रडवेला. हशा आणि 'अरेरे' एकाच वेळी यायचे.

सिनेमात बघायचं असेल तर रिचर्ड लेस्टरचा १९७३ चा चित्रपट बघा. मायकेल यॉर्क दार्तान्यां, क्रिस्टोफर ली रोशफोर. मारामाऱ्या विल्यम हॉब्स यांनी बसवलेल्या. तिथे कपडे धुण्याच्या जागेत ओल्या चादरींमधून लढाई आहे. माणसं धापा टाकतात, लाथा मारतात, हाताला लागेल ते फेकतात. आणि उपाशी मस्केटिअर्स खानावळीत खोटं भांडण उकरून अन्न पळवतात, तो प्रसंग तर मी नव्या मुलांना हमखास दाखवतो.

कोरडा_पाऊस

विंगेतून, त्याच चित्रपटाची एक गंमत: एकच सिनेमा म्हणून नटांकडून काम करून घेतलं आणि निर्मात्यांनी त्याचे दोन केले. दुसरा भाग १९७४ ला आला. नट कोर्टात गेले. तेव्हापासून हॉलीवूडच्या करारांत 'साल्काइंड कलम' आलं, किती चित्रपट ते आधी लिहून द्यायचं.

तेवढा सूड मात्र पूर्ण झाला.

निळी_शाई

विषय तलवार, हशा आणि सूड असेल तर 'द प्रिन्सेस ब्राइड'मधल्या इनिगो मोन्तोयाशिवाय धागा पुरा होणार नाही. १९७३ ची विल्यम गोल्डमनची कादंबरी, १९८७ चा रॉब रायनरचा सिनेमा. वडिलांना मारणाऱ्या सहा बोटांच्या माणसाला तो वीस वर्षं शोधतोय. भेटल्यावर काय बोलायचं ते वाक्य पाठ करून ठेवलंय. अनोळखी माणसाशी प्राणांतिक द्वंद्व खेळण्याआधी त्याला चढून आल्याबद्दल दम खायला वेळ देतो आणि गप्पा मारताना हळूच विचारतो, तुम्हाला सहा बोटं नाहीत ना?

सिनेमाभर आपण त्याला हसतो. आणि मग तो क्षण येतो. पोटात खंजीर रुतलेला, भिंतीला टेकलेला इनिगो तेच वाक्य पुन्हा म्हणायला लागतो. आधी पुटपुटत, मग मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. आता कोणी हसत नाही.

ही भूमिका करणारा मॅंडी पटिंकिन याचे वडील १९७२ मध्ये कॅन्सरने गेले. त्याने जाहीरपणे सांगितलंय की त्या प्रसंगात तो सहा बोटांच्या माणसाला मारत नव्हता, त्या कॅन्सरला मारत होता.

हे मला माहीत नव्हतं तेव्हाही तो प्रसंग मला जड जायचा. बाबा गेले त्यानंतरच्या महिन्यात सहज लावला होता, काहीतरी हलकंफुलकं बघू म्हणून. मी आणि आई शेजारी बसलो होतो. द्वंद्वाच्या वेळी आई हसत होती, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि त्या शेवटच्या प्रसंगाला, मारण्याआधी इनिगो त्याच्याकडून मागेन ते सगळं द्यायचं कबूल करून घेतो आणि मग म्हणतो की मला माझे वडील परत हवेत, तेव्हा आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. आम्ही दोघी काही बोललो नाही. सिनेमा पुढे चालू ठेवला.

कोरडा_पाऊस, तुम्ही म्हणता विनोदाने सूड पातळ होतो. मला आलेला अनुभव हा आहे.

कोरडा_पाऊस

निळी_शाई, तुमच्या प्रतिसादानंतर मी माझं पहिलं विधान मागे घेतो. विनोदाने सूड पातळ होतो हे खरं नाही. दार्तान्यांबद्दलची तक्रार मात्र कायम आहे, कारण इनिगो शेवटपर्यंत जातो.

टाकेवाली

निळी_शाई, तुम्हाला आणि आईला मिठी.

आणि इनिगो शेवटपर्यंत जातो, पण नंतर? इतकी वर्षं सूडाच्या मागे गेली, आता पुढच्या आयुष्याचं काय करू हे मला माहीत नाही, असं तोच म्हणतो.

विंगेतून

'स्कारामूश'चं नाव अजून कसं आलं नाही? राफाएल सबातिनी, १९२१. मित्राला एका मार्क्वीने, म्हणजे बड्या सरदाराने, द्वंद्वाच्या नावाखाली सरळ ठार केलंय, आणि त्याचा सूड घ्यायला निघालेला आंद्रे-लुई फिरत्या नाटकमंडळीत लपतो. विदूषकाचं सोंग घेऊन! मग तलवारबाजीच्या शाळेत नोकरी धरतो आणि तिथे तयार होतो. शेवटी कळतं की तो मार्क्वी त्याचाच बाप. १९५२ च्या सिनेमात ते नातं भावाचं केलंय, पण त्यातलं नाट्यगृहातलं द्वंद्व बघाच. सज्ज्यांच्या कठड्यांवरून, प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरून, मंचावर, मंचामागे. आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी तो अभ्यासक्रम आहे.

मनगटी

यातला नायक भोळा नाही पण. चांगलाच तिरकस आहे. भोळाच हवा असेल तर १९९८ चा 'मास्क ऑफ झोरो'. भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला, दारू पिऊन तलवार काढणारा अलेहांद्रो, आणि त्याला अडवून शिकवणारा म्हातारा झोरो. शिक्षण वर्तुळात आहे, जमिनीवर आखलेली वर्तुळं, एकात एक. आतल्या वर्तुळात जायची घाई करायची नाही. आमच्या सरांना मी हे दाखवलं तर ते म्हणाले की पायाच्या कामाबद्दल एवढं बरोबर सिनेमात क्वचित सांगतात. त्याची तलवारबाजी बॉब अँडरसन यांनी बसवली, 'प्रिन्सेस ब्राइड'चीही त्यांनीच, पीटर डायमंडबरोबर.

जॉयस्टिक_जोशी

गेमवाल्यांकडून एक भर. १९९० चा 'सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'. नायक गायब्रश, इतका भोळा की चाचे व्हायचंय म्हणून सरळ चाच्यांकडे अर्ज करायला जातो. त्यातलं तलवारयुद्ध शब्दांनी जिंकायचं असतं. समोरचा टोमणा मारतो, तुम्ही योग्य उत्तर दिलं तर तुम्ही एक पाऊल पुढे. हरत हरत टोमणे गोळा करायचे. आणि शेवटी तलवारबाजीत सर्वश्रेष्ठ बाईसमोर उभं राहिलं की ती एकही ओळखीचा टोमणा वापरत नाही! जुनीच उत्तरं नव्या टोमण्यांना जोडावी लागतात. मी बारा वर्षांचा होतो, वहीत दोन रकाने आखले होते. ती वही अजून आहे.

तळटीप

जोशी, हे शब्दाच्या मुळाशीही जुळते. अशा कथांना इंग्रजीत 'स्वॅशबक्लर' म्हणतात, तो शब्द सोळाव्या शतकातला. बक्लर म्हणजे छोटी ढाल. तिच्यावर तलवार खणखण आपटत, आव्हाने देत हिंडणारा तो स्वॅशबक्लर. लढण्याआधीच आवाज करणारा. पुढे त्याला साहसी वीराचा अर्थ आला.

कडेलोट

सगळा धागा आज एका बैठकीत वाचला. मृद्गंध, एक विचारते. मिलेडीच्या, म्हणजे कार्डिनलच्या त्या हेर बाईच्या, शिक्षेचं प्रकरण तुम्ही भाच्याला वाचून दाखवलंत का?

मृद्गंध

नाही. :( अकरा वर्षांचा आहे, शिरच्छेद वगैरे नको वाटलं. "तिला शिक्षा झाली" एवढं सांगून पुढे गेले.

कडेलोट

मग त्याला सूड राहिला असं वाटणारच. या पुस्तकातला सूड तिथे आहे.

आठवून बघा. मिलेडीने दार्तान्यांच्या प्रेयसीला, कॉन्स्टन्सला, विष दिलंय. ती दार्तान्यांच्या हातांत मेली आहे. म्हणजे आता, अख्ख्या पुस्तकात पहिल्यांदा, सूड घ्यावा असं खरोखर काही त्याच्यासोबत घडलंय. घोडा नाही, पत्र नाही. रात्र आहे, विजा चमकताहेत, चौघे मित्र, इंग्लंडहून आलेला तिचा दीर आणि लीलचा जल्लाद. एकेक जण तिच्यावरचा आरोप वाचतो. दार्तान्यांही वाचतो, मृत्यूची शिक्षा मागतो. नदीकाठी नेताना ती किंचाळते.

आणि हाच पोरगा, जो हसण्यावरून तलवार काढायचा, तो मटकन खाली बसतो, कानांवर हात घेतो. तरी ऐकू येतं म्हणून उठतो आणि म्हणतो की मला हे बघवत नाही, ही बाई अशी मरावी हे मला मान्य नाही. पुढे पाऊल टाकतो. तेव्हा आथोस, त्याचा सगळ्यात जवळचा आथोस, तलवार काढून म्हणतो की आणखी एक पाऊल टाकलंस तर आपल्या दोघांची तलवार भिडेल.

तो थांबतो. शिक्षा होते. पण सूड मिळत असताना 'नको' म्हणणारा त्या सगळ्यांत तो एकटाच आहे. त्यानंतरची रोशफोरची तीन द्वंद्वं वाचा. ज्याने ती रात्र बघितली आहे त्याला आता घोड्यावरून माणूस मारणं कसं जमेल?

कोरडा_पाऊस, लेखकाने शब्द पाळलाय. सूड दाखवला, पूर्ण दाखवला. फक्त तो दार्तान्यांला कसा लागला तेही दाखवलं.

कोरडा_पाऊस

कडेलोट, मी ते प्रकरण आत्ता पुन्हा काढून वाचलं. 'कानांवर हात' मी पूर्ण विसरलो होतो. माझ्या आठवणीत तिथे फक्त आथोस आणि जल्लाद होते.

हरलो. आनंदाने.

मनगटी

"एक पाऊल". अंगावर काटा आला.

मृद्गंध

कडेलोट, मनापासून आभार. काल रात्री मी ते प्रकरण त्याला वाचून दाखवलं. जल्लादाची शेवटची दोन वाक्यं तेवढी गाळली. आधी त्याला विचारलं, ऐकवेल का? म्हणाला, थांबवावंसं वाटलं तर हात वर करेन.

हात वर केला नाही. दार्तान्यां कानांवर हात घेतो तिथे त्याने गोधडी नाकापर्यंत ओढली. संपल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आथोसने खरंच मारलं असतं का त्याला?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? "नसतं मारलं. पण दार्तान्यांला ते माहीत नव्हतं." मग कूस बदलून झोपला. रोशफोरचं नाव काढलं नाही.

तळटीप

एक सांगायचे राहते. पुढचा भाग 'ट्वेंटी इयर्स आफ्टर', १८४५, ज्यांना वाचायचा आहे त्यांनी हा प्रतिसाद इथेच सोडावा. रहस्यभेद पुढे.

रोशफोर त्यातही आहे. आता तो आणि दार्तान्यां जुने मित्र. आणि अगदी शेवटी, पॅरिसमधल्या दंगलीत राजाच्या बग्गीभोवती गर्दी तुटून पडते, दार्तान्यां समोरच्या हल्लेखोराच्या अंगात तलवार खुपसतो आणि मग चेहरा बघतो. तो रोशफोर असतो. चौथा वार. तीन जखमा देऊन हात पुढे करताना थट्टेत म्हटलेले ते शब्द वीस वर्षांनी असे खरे होतात, ते त्याला नको असताना, ओळख पटायच्या आत. रोशफोर मरताना त्याला दोषही देत नाही.

निळी_शाई

अरे देवा.

पागेतला

मी रहस्यभेदाची सूचना वाचूनही पुढे वाचलं. आता पुन्हा पिवळ्या घोड्यापासून सुरू करावं लागणार.

ओवी_अभंग

मृद्गंध, भाच्याला हे सांगू नका!

मृद्गंध

नाही सांगणार. उद्यापासून दुसरा भाग सुरू करतोय. पुस्तक आज आलं. त्याने आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलंय: "रोशफोर – ३ झाले."